मॅडमची मशीन, मायचे कपडे

माय पाणी पीत नाही, हे आमच्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. तिच्या उशाशी पितळी तांब्या असायचा, त्यावर पेला पालथा घातलेला. सकाळी शाळेत जाताना मी तांब्या भरून ठेवत असे. संध्याकाळी परत आले की तो रिकामा असे. मला वाटायचं, पिते आहे. मग एका रविवारी मी दारातून पाहिलं, तर तिनं पडल्या पडल्या हात लांब केला, तांब्या उचलला आणि खिडकीच्या गजांतून बाहेर कोहळ्याच्या वेलावर हळूहळू ओतला. वेल त्या वर्षी फार जोमात होता. त्याचं कारण मला तेव्हा कळलं.

"माय, हे काऊन करून राहिली तू?"

तिनं दचकून तांब्या खाली ठेवला. मग छताकडे बघत म्हणाली, "पानी पेलं की ओलं होते. ओलं झालं की तू धुते. तुले शाळेत जा लागते."

एवढंच. त्यात तक्रार नव्हती. घरातल्या एखाद्या कामाची वाटणी सांगावी तसं तिनं ते सांगितलं.

आधीच्या हिवाळ्यात माय मोरीत घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी तिचं हृदय तपासलं आणि ऑपरेशनची जोखीम नको म्हणाले. तेव्हापासून ती खाटेवर होती. डोकं शाबूत, बोलणं शाबूत, हात शाबूत. कमरेखाली मात्र तिचं काही चालत नसे. गावाकडची धानाची शेती ठेक्यानं देऊन बाबा तिच्यासोबत गोंदियालगत फुलचूरला, माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आले. मी गोरेगावच्या एका शाळेत शिकवते. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं यायचं. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. या दोघांनी चिखलात उभं राहून मला शिकवलं, हे मी कधी विसरत नाही. पण ते लक्षात असलं म्हणून कंबर दुखायची थांबत नाही, हेही त्या वर्षी कळलं.

डायपर लावून पाहिले होते. त्यानं मायच्या अंगावर चट्टे उठले, कातडी सोलली. डॉक्टर म्हणाले, सुती कापडच वापरा आणि ते स्वच्छ धुतलेलं, कोरडं असू द्या. आमच्याकडे भांड्याला येणारी बाई म्हणाली, "भांडे दोनदा घासून देतो मॅडम, पन हे नाही." तिचंही खरं होतं. मग रोज पहाटे उठून मीच धुवायचे. दोन चादरी, जुन्या लुगड्यांचे फडके, कधी अख्खी गोधडी. धुणं होऊन जायचं. जीव जायचा तो पिळताना. ओली गोधडी म्हणजे बुडालेलं जनावर. तिला उचलावं तर ती आपल्यालाच खाली ओढते. त्यात भादव्याचे दिवस. आकाश उघडत नव्हतं. स्वयंपाकघरात दोऱ्या बांधून आम्ही फडके वाळत घालायचो आणि भाताच्या वाफेत ते पुन्हा ओले व्हायचे. अर्धवट वाळलेल्या कापडाचा तो कुबट वास माझ्या साडीला, वह्यांना, डब्यातल्या पोळ्यांना लागला होता. एसटीत बसले की गोरेगाव येईपर्यंत मला झोप लागायची. कंडक्टर जाता जाता सीटच्या दांड्यावर तिकिटाची मशीन आपटून म्हणायचा, "चला मॅडम, घंटा वाजली तुमची." माझं मनगट सुजलं होतं. फळ्यावर खडूनं लिहिताना अक्षरं खाली घसरत.

बाबा मायचं सगळं करत. तिला भरवत, कुशीवर वळवत, केस विंचरून वेणीसुद्धा घालत, वाकडीतिकडी. कपड्यांना मात्र ते हात लावत नसत. त्यांना किळस नव्हती. मायनं आण घातली होती. आमच्या गावातल्या जुन्या बायका मानतात की नवऱ्यानं बायकोचं लुगडं धुतलं तर त्याचं आयुष्य घटतं आणि बायकोला पाप लागतं. अंथरुणाला खिळली त्याच दिवशी तिनं बाबांना बजावलं, "माह्या कपड्याले हात लावाल तं माह्या गळ्याची आन हाय." बाबांनी चाळीसेक वर्षांच्या संसारात तिची एकही आण मोडली नव्हती. मी शाळेतून यायचे तर मळके कपडे बादलीत असत, त्यांवर बाबांनी दिवसभर लांबून पाणी ओतलेलं असे आणि वर झाकण ठेवून ते बाजूला बसलेले असत, राखण करत.

पाण्याचा प्रकार कळला त्या दिवशी मी बाबांना ते सांगितलं. ते बाहेरच्या खोलीत गेले आणि बराच वेळ कोपऱ्यातल्या मशीनपुढे उभे राहिले.

"बाई," त्यांनी मला हाक मारली. "हे मॅडमची मशीन खरंच कपडे धुते का?"

"धुते ना बाबा. त्यासाठीच असते ती."

"मंग आपून तिच्यात तांदूळ काऊन ठेवून राहिलो?"

 याचं उत्तर लांबचं होतं.

गोंदियात बी.ए. करत असताना मी एका प्राध्यापिका मॅडमच्या मागच्या खोलीत राहत होते. त्यांनी माझ्याकडून कधी भाडं घेतलं नाही, आणि मी भाड्याच्या बदल्यात त्यांचे कपडे धुवायला गेले तर मला रागावल्या. "तू शिकायला आली आहेस. धुवायला माझ्याकडे मशीन आहे." ही ती मशीन. दोन खणांची, जुनी, एका खणात धुवायचं आणि दुसऱ्या खणातल्या जाळीच्या भांड्यात टाकून पाणी काढायचं, त्याला सगळे ड्रायर म्हणतात. माझी पदवी झाली आणि मॅडम निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेल्या. जाताना त्यांनी मशीन मला दिली. मी ती टेम्पोत घालून गावी नेली. गावच्या घरात नळ नव्हता, हापशी होती, आणि वीज तिच्या मनाची. पण मायनं मशीनचं झाकण उघडून आत हात फिरवला आणि तिचा चेहरा उजळला. "याच्यात उंदीर नाही शिरत," ती म्हणाली. झालं. त्या दिवसापासून मोठ्या खणात खायचे तांदूळ आणि ड्रायरमध्ये कडुलिंबाचा पाला घालून चिन्नोर धानाचं बियाणं. वरती क्रोशाचा रुमाल. दसऱ्याला नांगर, विळे आणि माझ्या पुस्तकांबरोबर मशीनचीही पूजा व्हायची. फुलचूरला आलो तेव्हा ती तांदळासकट आली. झाकणावरचे हळदकुंकवाचे डाग निघाले नव्हते, आणि कुणी ते काढायचा प्रयत्नही केला नव्हता.

बाबा तांदूळ उपसायला लागले तशी माय खाटेवरून ओरडली.

"अवो, काय करून राहिले?"

"मशीन खाली करून राहिलो."

"कायले?"

"तुह्ये कपडे धुयाले."

"बुद्धी फिरली काय तुमची? ते मॅडमच्या आठवनीची वस्तू हाय! तिच्यात माह्ये असे कपडे टाकता? पोरीले घरात ठेवून शिकवलं त्या बाईनं!"

मी समजावलं, बाबांनी समजावलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. शेवटी मी मॅडमना फोन लावला. आता त्या फार थकल्या आहेत. आवाज ओळखायला त्यांना वेळ लागतो. मी फोन मायच्या कानाशी धरला आणि स्पीकर सुरू केला. सगळं सांगितलं. 

"तांदूळ?" मॅडम म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही त्यात तांदूळ ठेवलात?"

"बियाणंही," मी म्हटलं.

त्या हसता हसता खोकू लागल्या. मग म्हणाल्या, "ताई, ऐकताय ना? माझ्या सासूबाई शेवटी अंथरुणावर होत्या. ती मशीन मी त्यांच्यासाठीच घेतली होती. तिनं हेच काम केलंय. तुम्ही काही नवीन करत नाही आहात."

माय ऐकत होती. तिनं हळू आवाजात विचारलं, "लाज नाही वाटली त्यायले?"

"वाटली ना. रोज वाटायची. पण पाणी पीत होत्या."

मी मॅडमना पाण्याचंही सांगितलं होतं. ते बाहेर फुटलं हे मायला आवडलं नाही. तिनं डोळे मिटले. पण बाबांनी पुन्हा तांदूळ उपसायला घेतले तेव्हा ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बियान्याले डब्यात ठेवजा. झाकन घट्ट लावजा."

तांदूळ निघाले, बियाणं निघालं. आम्ही मशीन मागच्या पडवीत नेली, बादल्यांनी पाणी भरलं, खटका दाबला आणि बटण फिरवलं. मशीननं "घूं" असा आवाज केला, आतून जळका वास आला आणि सगळं थांबलं. पाणी काढायला गेलो तर ते जाईना. नळीला तोंड लावून फुंकलं, तार घातली, काही नाही.

गोंदिया स्टेशनच्या बाजूच्या बाजारात कूलर-मिक्सर दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आहे. मी त्याला मोबाइलवर मशीनचा फोटो दाखवला. त्यानं फोटो मोठा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"मैडम, ये तो म्यूझियम का माल है. इसका सामान अब कहाँ मिलेगा? भंगार में डालो, नई ले लो."

दवाखान्याच्या त्या वर्षात नवी घेणं जमणारं नव्हतं. मी ते त्याला सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, "आप एक बार देख तो लो भैया."

"कल आता हूँ."

तो उद्या फार लांबला. मी रोज येता-जाता फोन करत असे आणि तो रोज "बस, निकल ही रहा था" म्हणत असे. पाणी मशीनमध्ये तसंच साचून राहिलं. पहाटेचं धुणं, एसटी, शाळा, परत एसटी, परत धुणं. माय पाणी प्यायला नाहीच म्हणत होती. मी समोर उभी राहिले तर दोन घोट घेई, तेही माझ्यावर उपकार केल्यासारखे. तिचे ओठ पापुद्रे धरू लागले. डॉक्टरांनी तपासून मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, लघवीत संसर्ग सुरू झाला आहे. पाणी पोटात गेलं नाही तर हाडामुळं नाही, यानंच ती जाईल.

एका सकाळी मी चादर पिळत असताना बाबांनी सहज ड्रायरचं झाकण उचललं आणि तसेच धरून उभे राहिले.

"बाई, इकडं ये वं."

मी गेले. जाळीच्या भांड्याच्या बारीक भोकांतून हिरवीगार पाती वर आली होती. बियाणं उपसताना जे दाणे फटीत राहिले होते, ते साचलेल्या पाण्यावर रुजले होते. अगदी लावणीसाठी नर्सरीत टाकलेल्या धानाच्या पऱ्ह्यासारखे, दाट आणि सरळ.

बाबा दारातून ओरडले, "अवं, तुह्या मशीनीत परे उगवले!"

माय एवढी हसली की तिच्या खुब्यात कळ आली आणि ती हसता हसता "आई गं, आई गं" करू लागली. मग दम घेऊन म्हणाली, "तं आता रोवना लावा! चिखल तं घरात हायेच." आणि पुन्हा हसली. किती महिन्यांनी, मला आठवत नाही. मीही हसले असते, पण माझ्या हातात चादर होती आणि बस चुकत होती.

मेकॅनिक अखेर एका रविवारी आला, स्कूटरवर, पिशवीत अवजारं घालून. ती पाती पाहून त्यानं कपाळाला हात लावला. "चाचा, मशीन है कि खेत है?"

"दोनही हाय," बाबा म्हणाले. "तू पहिले चाय पे."

त्यानं मागचा पत्रा खोलला. आत उंदराचं घरटं निघालं. माझ्या मायची समजूत की यात उंदीर शिरत नाही, ती वरून खरी होती. खालून मात्र ते मजेत राहत होते. तारा कुरतडलेल्या, मोटरचा पट्टा चिरलेला, कंडेन्सर फुगलेला. पाणी जायच्या वाटेत तांदूळ फुगून त्याची आंबट, पांढरी, घट्ट खळ झाली होती. ती मी केसांच्या आकड्यानं कोरून काढली; तो वास पुढे दोन दिवस नखांत होता. ड्रायरचा ब्रेक धुळीनं आणि गंजानं धरून बसला होता. मेकॅनिकनं त्यावर रॉकेल ओतलं, हातोडीनं हळूहळू ठोकलं, शिव्या दिल्या, पुन्हा ओतलं. बाबा शेजारी उकिडवे बसून टॉर्च धरत होते आणि गावच्या मोटारपंपाच्या गोष्टी सांगत होते. मेकॅनिक ऐकत नव्हता. तरी दर थोड्या वेळानं "हाँ चाचा, बराबर" म्हणत होता.

तारा जोडल्या, कंडेन्सर बदलला. पट्ट्यापाशी काम अडलं. तसा पट्टा आता येत नाही म्हणाला. "ढूँढ लो कहीं, मिल गया तो फोन करना," आणि तो गेला. दुसऱ्या दिवसापासून बाबा तुटक्या पट्ट्याचा तुकडा खिशात घालून गोंदियाच्या दुकानांमधून फिरले. राइस मिलच्या सामानाची दुकानं, मोटार-पंपांची, शिलाई मशीनची. दुपारी शेजारच्या काकू मायजवळ बसत. चौथ्या की पाचव्या दुकानात पीठगिरणीचा एक पट्टा मिळाला, किंचित लांब. मेकॅनिक परत आला, त्यानं मोटर तिच्या खाचेत मागे सरकवून बसवली आणि पट्टा ताणला. वेळेचं बटण तुटलेलं होतं. त्याच्या जागी नुसता पितळी दांडा उरला. तो फिरवायला त्यानं आपली जुनी पकड ठेवून दिली. "ये मेरी तरफ से," म्हणाला.

पहिल्यांदा कपडे टाकून मशीन सुरू केली, तेव्हा ती थरथरत पडवीभर चालायला लागली. बाबांनी दोन्ही हातांनी तिला धरलं आणि बैलाला थांबवावं तसं "हो, हो, हो, ऱ्हा" म्हणत राहिले. मग पायाखाली दुमडलेली पोती दिली. ती थांबली. ड्रायरचा आवाज मात्र भयंकर होता, एखादी जीप चढावर अडकावी तसा. तो बंद झाल्यावर मी झाकण उघडून चादर बाहेर काढली. जवळजवळ कोरडी. हलकी. मी ती तोंडाशी धरून तिथंच खाली बसले. मला रडायचं होतं असं वाटतं, पण तेवढीही ताकद नव्हती. मी तशीच डुलकी काढली. बाबांनी उठवलं.

त्यानंतर दिवसाचं धुणं बाबांकडे गेलं. माय पहिल्यांदा भांडली. "मी आन घातली हाय."

"हात नाही लावत मी," बाबा म्हणाले. "मशीन धुऊन राहिली. मी निस्ती पकड फिरवतो."

हे खरं ठरवण्यासाठी त्यांनी एक बांबूची काठी घेतली. बादलीतून मशीनमध्ये, मशीनमधून ड्रायरमध्ये, ड्रायरमधून दोरीवर, प्रत्येक फडका काठीच्या टोकावर. दोरीवर सुकायला घातलेलं लुगडं ते काठीनंच सरळ करत. शेजारच्या काकू भिंतीवरून बघून म्हणत, "काकाजी, साप पकडून राहिले का?" बाबा पुढचा फडका काठीवर घेत. काम दुपारपर्यंत चाले, पण होत असे. मला पहाटे थोडं जास्त झोपता यायला लागलं. सवयीनं जाग यायची आणि मग अंधारात पडून राहायचे, काहीतरी राहून गेलंय असं वाटत.

माय पाणी प्यायला लागली, पण तिची अट होती. पंखा फिरत असला तर पिणार. पंखा फिरतो म्हणजे वीज आहे, वीज आहे म्हणजे मशीन चालेल. पंखा थांबला की ती पेला बाजूला करी. आमच्याकडे त्या दिवसांत वीज किती वेळा जायची हे सांगायला नको. संसर्ग पुरता जात नव्हता. ताप उतरायचा आणि पुन्हा यायचा.

असाच एक रविवार आला. आदल्या संध्याकाळी वादळ होऊन कुठेतरी खांब पडला होता. सकाळी थोडा वेळ वीज आली तेवढ्यात बाबांनी कपडे टाकून मशीन सुरू केली, आणि ती अर्ध्यावर थांबली. पंखाही थांबला. आम्ही वाट पाहिली. मायनं रात्रीपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. तिचं अंग तापलेलं होतं, जीभ कोरडी. मी पेला नेला. तिनं मान फिरवली. दुसऱ्यांदा नेला, पुन्हा तेच. तिच्या अंगाखालचा फडका बदलला, तो शेवटचा कोरडा फडका होता. बाकी सगळे मशीनमध्ये, साबणाच्या पाण्यात.

मी पडवीत गेले आणि ते काढायला लागले. मनगटाला पट्टी बांधलेली होती. पहिली चादर उचलली, पिळायला गेले आणि हातातून कळ अशी आली की चादर परत पाण्यात पडली. पुन्हा उचलली. पुन्हा पडली. मी मशीनच्या कडेवर कोपरं टेकवून उभी राहिले.  

बाबा काठी घेऊन शेजारी उभे होते. काठीनं चादर निघते. पिळली जात नाही. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात पाण्यात घातले.

दार उघडं होतं. माय खाटेवरून बघत होती.

"अवो!" ती किंचाळली. "आन घातली होती ना मी!"

"घातली होती," बाबा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. ते चादर खंगाळत होते, जोरानं, शेतात बांधावर पाय धुवावे तसे.

"मराल तुमी!"

"मरतो मंग. तू पानी पेत नाही, मी हात लावतो. दोघं बरोबरच जाऊ. पोरगी तरी मोकळी होईन."

 मी बाबांकडे पाहिलं. ते रागात नव्हते. फार थकलेला माणूस जसं खरं असेल तेच बोलतो, तसे बोलले होते. त्यांनी मायचं हिरवं लुगडं काढलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरून मागे सरकले. आम्ही दोघांनी पीळ घालायला सुरुवात केली. मी उजवीकडे फिरवत होते. बाबा माझ्याकडे बघून, आरशात बघावं तसं, डावीकडे. लुगडं आमच्यामध्ये नुसतंच गोल गोल फिरत होतं आणि त्यातून थेंबही गळत नव्हता. आम्ही दोघंही जोर लावत होतो.

 मग मायला राहवलं नाही.

"उलटं फिरवून राहिले तुमी!"

बाबा थांबले.

"पोरगी उजवीकडं फिरवते तं तुमीबी तुमच्या उजवीकडं फिरवा. समोरासमोर असते तं तसंच लागते. येवढं धान पिकवलं, येवढं नाही समजत?"

बाबांनी हात बदलला. लुगड्याला पीळ बसला आणि पाणी पडवीच्या फरशीवर धबाधबा पडलं.

"हां," माय म्हणाली. "आता काठाकडं धरा. मधी नोको, फाटन ते. अन् झटका दिल्याबिगर वाळत नको घालू."

त्यानंतर सगळे कपडे तिनंच धुवून घेतले, खाटेवरून. हा फडका पुन्हा खंगाळा, त्यात साबण हाय. चादर चौघडी करून पिळा. बाबा म्हणायचे, "बरं," आणि करायचे. मी नुसतं एक टोक धरून उभी असे. जोर त्यांचाच होता. दोरी भरली तेव्हा त्यांच्या बोटांचे शेंडे पांढरे पडून सुरकुतले होते. ते आत गेले. ओल्या हातानंच पेला भरला आणि खाटेशी बसले.

मायनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान उचलली. बाबांनी पेला ओठांना लावला आणि तिनं तो संपवला. दुसरा भरला, तोही अर्धा झाला. काही पाणी हनुवटीवरून गळून उशीवर गेलं. "जाऊ दे," ती म्हणाली.

आम्ही जेवलो की नाही, ते मला आठवत नाही. बाबा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले. मी मायच्या पायाशी जमिनीवर चटई टाकून आडवी झाले. दिवस कलता कलता वीज आली. डोक्यावर पंखा फिरायला लागला आणि पडवीत मशीन आपोआप सुरू झाली. सकाळी फिरवून ठेवलेला दांडा तसाच होता. आत कपडे नव्हते, नुसतं मळकं पाणी होतं. ती ते पाणी एकदा इकडे, एकदा तिकडे घुसळत राहिली.

"बंद कर वं कोनी," माय अर्धवट झोपेत म्हणाली.

"हो," मी म्हटलं. बाबाही "हो" म्हणाले. पण कुणी उठलं नाही.